विनिपेगचे वर्गणीदार

अटलांटा आणि विनिपेग या दोन शहरांत सारखं असं काहीच नाही, एक आकडा सोडून. २०१०-११ च्या मोसमात अटलांटा थ्रॅशर्स या बर्फावरच्या हॉकीच्या संघाला घरच्या सामन्यांत सरासरी साडेतेरा हजारांच्या आसपास प्रेक्षक मिळाले. तो संघाचा तिथला शेवटचा मोसम ठरला. मालकांना हॉकीतून अंग काढून घ्यायचं होतं. संघ विकला गेला आणि कॅनडाच्या मध्यभागी, मॅनिटोबा प्रांताच्या राजधानीत जाऊन विनिपेग जेट्स झाला. तेरा मोसमांनी, २०२३-२४ मध्ये, विनिपेगची सरासरीही साडेतेरा हजारांच्या आसपासच आली. अटलांटात जेवढ्या गर्दीला ‘ओसाड’ म्हणून हिणवलं, तेवढीच गर्दी हॉकीवेड्या म्हणवणाऱ्या गावात जमत होती. फरक इतकाच की अटलांटाचं महानगर पन्नास लाखांच्या वर, आणि विनिपेग उपनगरं धरून सव्वाआठ लाखांच्या थोडं पुढे.

अंदाज यावा म्हणून सांगायचं तर विनिपेग शहराची लोकसंख्या २०२१ मध्ये साडेसात लाख होती. सोलापूर २०११ च्या जनगणनेतच साडेनऊ लाखांवर होतं. म्हणजे सोलापूरपेक्षा लहान गाव न्यूयॉर्क, टोरांटो, लॉस एंजेलिस यांच्या पंगतीला बसून त्याच भावाचं ताट घेतं. नॅशनल हॉकी लीगच्या ३२ संघांत हे सगळ्यात लहान गाव. प्रश्न प्रेमाचा कधीच नव्हता. उणे तीस तापमानात लोक खेळ बघायला घराबाहेर पडतात. प्रश्न हिशेबाचा आहे, आणि हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येणारा प्रेक्षकांचा आकडा डोकी मोजून काढलेला नसतो. ती गेलेली तिकिटं असतात, त्यात फुकट वाटलेलीही आली. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी तेरा हजार तिकिटं गेलेली असतील आणि खुर्च्यांत दहाच हजार माणसं असतील. दारावरच्या स्कॅनरने किती वेळा बीप केलं हे संघाला पक्कं ठाऊक असतं, पण तो आकडा बाहेर कुणी सांगत नाही. तिकिटाचे पैसे आधीच आले आहेत म्हणून हिशेबनिसाने निर्धास्त राहावं, असंही नाही. न आलेला माणूस बिअर घेत नाही, पोराच्या हट्टापायी जर्सी घेत नाही, पार्किंगचे पैसे देत नाही. आणि असा तो चार-पाच वेळा घरी बसला की वसंतात पुढच्या वर्षाच्या वर्गणीचं पत्र आल्यावर त्याची बायको एकच प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं.

म्हणून या धंद्यातली जाणती माणसं प्रेक्षकसंख्या नंतर बघतात. आधी बघतात ते पूर्ण मोसमाचे वर्गणीदार किती. नियतकालिक चालवलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. स्टॉलवर एखादा अंक तडाखेबंद खपला तर आनंदच आहे. पण पुढच्या वर्षीचा कागद ज्यांच्या भरवशावर घ्यायचा ते वर्गणीदार. विनिपेगमध्ये घरचे सामने ४१, इमारतीत खुर्च्या साधारण सव्वापंधरा हजार. यातल्या तेरा हजार खुर्च्या मोसम सुरू होण्याआधीच वर्षभरासाठी गेल्या असतील तर विकायला दररोज दोन-सव्वादोन हजार उरतात. हे काम चार पोरं फोनवरसुद्धा करतील. पण वर्गणीदार साडेनऊ हजारांवर आले की दर सामन्याला पावणेसहा हजार खुर्च्या नव्याने विकाव्या लागतात, ४१ वेळा, सोमवारीसुद्धा, समोर कुठलाही बिनचेहऱ्याचा संघ असला तरी. आणि न खपलेली खुर्ची दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. खेळ सुरू करायला पंचाने चकती बर्फावर टाकली की ती संपली, रिकामी सुटलेली एसटी जशी.

खर्च मात्र गर्दी बघून कमी होत नाही. सिमेंटच्या लादीत पुरलेल्या नळ्यांमधून शून्याच्या बऱ्याच खाली गार केलेलं द्रावण अखंड फिरत असतं, त्यावर थरावर थर पाणी मारून बनवलेला इंचभर जाडीचा बर्फ असतो, आणि वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांच्या मधल्या सुट्टीत तो झांबोनी नावाच्या गाडीने तासून, वर गरम पाण्याचा पातळ हात फिरवून पुन्हा गुळगुळीत करावा लागतो. पाणी गरम असलं की चरे नीट भरतात आणि थर घट्ट बसतो. हा सगळा खटाटोप अकरा हजार माणसांसाठी जेवढा, पंधरा हजारांसाठीही तेवढाच.

आता थोडा इतिहास, कारण या गावात तो प्रत्येक हिशेबात डोकावतो.

जेट्स पहिल्यांदा उभे राहिले १९७२ मध्ये, वर्ल्ड हॉकी असोसिएशन या बंडखोर लीगमध्ये. २७ जून १९७२ रोजी पोर्टेज आणि मेन या विनिपेगच्या मुख्य चौकात बॉबी हल या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या नावाला दहा लाख डॉलरचा भला थोरला चेक लोकांसमोर दिला गेला. गंमत अशी की ते पैसे एकट्या विनिपेगचे नव्हतेच. नवी लीग उभी राहावी म्हणून सगळ्या संघांनी मिळून ते घातले होते. लहान गावाला मोठा खेळाडू परवडला तो इतरांच्या खिशातून, ही गोष्ट पुढच्या पन्नास वर्षांत वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येते.

१९७९ मध्ये ती लीग मोडली आणि जेट्स नॅशनल हॉकी लीगमध्ये आले. नव्वदीच्या दशकात खेळाडूंचे पगार भराभर चढले. त्यावर कसलंही बंधन नव्हतं, आणि पगार अमेरिकन डॉलरमध्ये. तिकीट विकायचं कॅनेडियन डॉलरमध्ये आणि पगार द्यायचा अमेरिकन डॉलरमध्ये, हा पेच कॅनडातल्या प्रत्येक संघाला होता. पण टोरांटो-मॉन्ट्रियलला तो सोसवत होता. विनिपेगची इमारत होती १९५५ सालची आणि सार्वजनिक मालकीची. कंपन्यांना महागड्या दराने भाड्याने द्यायच्या खासगी खोल्यांची तिथे वानवा होती. १९९१ च्या एका करारानुसार संघाचा तोटा प्रांत आणि शहर यांनी भरून द्यायचा होता. तोटा भरून देणारा करार हा करार नसतो, मरणाची तारीख लांबवलेली असते. १९९५ मध्ये ‘जेट्स वाचवा’ म्हणून हजारो माणसं रस्त्यावर आली, मुलांनी खाऊच्या पैशांचे गल्ले फोडले, वर्गणीतून एक कोटी डॉलरहून अधिक जमले. तेवढ्याने भागणार नव्हतं. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटविरुद्ध शेवटचा सामना झाला आणि संघ फिनिक्सला गेला.

फिनिक्समध्ये काय झालं तेही सांगायला हवं, कारण ‘मोठं गाव म्हणजे सुरक्षित संघ’ हा समज तिथे वाळवंटात गाडला गेला. विनिपेगच्या पाचपटीहून मोठं महानगर मिळूनही तिथला संघ २००९ मध्ये दिवाळखोरीत गेला, पुढे लीगनेच तो काही काळ सांभाळला, आणि शेवटचे दोन मोसम तर एका विद्यापीठाच्या, पाच हजारही खुर्च्या नसलेल्या रिंकवर खेळला. एप्रिल २०२४ मध्ये खेळाडू आणि सगळा बाडबिस्तरा सॉल्ट लेक सिटीला हलला. इमारत आपल्या ताब्यात नाही, उत्पन्नाचे धागे दुसऱ्याच्या हातात, गावापासून लांब जागा. मग आसपास पन्नास लाख लोक राहात असले तरी त्याचा उपयोग नाही.

विनिपेगने नेमकं हेच हेरलं होतं. २००४ च्या नोव्हेंबरात भर गावात, ईटन्स हे जुनं डिपार्टमेंट स्टोअर पाडून त्या जागी नवी इमारत उभी राहिली. खर्च १३ कोटी ३५ लाख कॅनेडियन डॉलर, त्यातले सुमारे ४ कोटी सार्वजनिक पैशातून. मालकी ट्रू नॉर्थ या कंपनीची. आज तिला कॅनडा लाइफ सेंटर म्हणतात. खालच्या दर्जाच्या लीगमधला मॅनिटोबा मूस हा संघही त्यांचाच, तिथेच खेळतो. गाण्याचे कार्यक्रम होतात तेही तिथेच, आणि त्या रात्रीची बिअरही त्यांचीच. शिवाय शेजारच्या जुगारकेंद्राच्या उत्पन्नातला वाटा आणि करमणूक कराचा परतावा. यावर गावात अधूनमधून कुरबुर होते, आणि ती रास्त आहे. ज्या कंपनीमागे डेव्हिड थॉमसन यांच्यासारखा कॅनडातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक माणूस भागीदार म्हणून उभा आहे, तिला गावाने कर परत का करायचा? त्याचं प्रामाणिक उत्तर एवढंच की गावाला १९९६ आठवतं.

दुसरी गोष्ट घडली ती विनिपेगच्या हाताबाहेर. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक-खेळाडू भांडणात बुडाला आणि त्यातून पगारमर्यादा आली. २००५-०६ मध्ये एका संघाने पगारावर जास्तीत जास्त ३ कोटी ९० लाख अमेरिकन डॉलर खर्च करायचे. न्यूयॉर्कवाल्याकडे कितीही असले तरी तेवढेच. त्यातच कॅनेडियन डॉलर वधारत गेला. जानेवारी २००२ मध्ये तो ६२ अमेरिकन सेंटच्याही खाली गेला होता. २०११ मध्ये तो अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला, वर्षाच्या सरासरीत थोडा वरच होता. ३१ मे २०११ ला अटलांटाचा संघ घेतल्याची घोषणा झाली तेव्हा १७ कोटी अमेरिकन डॉलरचा व्यवहार होता. ११ कोटी संघाचे, ६ कोटी लीगला स्थलांतराचे.

अट एकच घातली गेली: १३ हजार वर्गणीदार. एक सामना ३९ डॉलरपासून १२९ डॉलरपर्यंत, आणि सही करताना तीन ते पाच वर्षांची बांधिलकी. आधी मूसच्या जुन्या वर्गणीदारांना संधी दिली, मग ४ जूनला सर्वांसाठी विक्री उघडली. उरलेली तिकिटं १७ मिनिटांत संपली. प्रतीक्षायादी आठ हजारांवर नेऊन थांबवावी लागली. पुढे आठ वर्षं हाउसफुल्लचा बोर्ड उतरला नाही, सलग ३०० हून अधिक सामने.

त्या आठ वर्षांत संघ हॉकी विकत होता, असं वरवर पाहता वाटेल. माझ्या मते तो हॉकीइतकीच टंचाईही विकत होता. खुर्ची सोडली तर पुन्हा मिळणार नाही, मागे आठ हजार माणसं उभी आहेत, या भीतीने माणूस कंटाळलेला असतानाही पैसे भरत राहतो.

ही खुर्ची एका माणसाची क्वचितच असते, हेही लक्षात घ्यायला हवं. विनिपेगमधल्या वर्गणीदारांपैकी सुमारे ८५ टक्के साधी माणसं, कुटुंबं, मित्रांचे गट; कंपन्या केवळ १५ टक्के. मोठ्या शहरांत बँका, वकिलांच्या पेढ्या, बिल्डर पुढच्या रांगा घाऊक उचलतात आणि गिऱ्हाइकांना वाटतात. विनिपेगमध्ये तसा हिशेब मांडावा लागतो स्वयंपाकघरातल्या टेबलावर. समजा दोन खुर्च्यांची जोडी आहे, एक जागा १०० डॉलरला पडते, आणि मोसमाआधीचे तीन सराव-सामने गळ्यात मारलेले धरून ४४ सामने. जोडीचे झाले ८,८०० डॉलर. एका घराला ते झेपत नाहीत म्हणून चार घरं मिळून घेतात. प्रत्येकाला ११ सामने, खर्च २,२००.

मग सप्टेंबरात वाटणी. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवतात. पहिल्या फेरीत एक-दोन-तीन-चार, दुसरीत उलट चार-तीन-दोन-एक, म्हणजे शेवटी निवडणाऱ्यावर अन्याय नको. पहिल्या फेरीत टोरांटो आणि मॉन्ट्रियल जातात, कारण ते सामने तिप्पट भावाने पुढे विकताही येतात. मग शनिवार. मग एडमंटन, त्यांचा तारा कॉनर मॅक्डेव्हिड बघायला. दहाव्या-अकराव्या फेरीला टेबलावर उरतात ते नोव्हेंबरातले मंगळवार आणि सराव-सामने, ते कुणालाच नको असतात, आणि ते ज्याच्या वाट्याला येतील त्याने निमूट घ्यायचे.

या गटात एक बारीक दोष आहे, आणि पडझड समजायची तर तो बघावा लागतो. चौघांतला एक जण गळाला, म्हणजे नोकरीनिमित्त दुसरीकडे गेला, घराच्या कर्जाचा हप्ता वाढला, मूल झालं, की बाकी तिघांवर ७३० डॉलर वाढतात. चौथा लगेच मिळाला तर ठीक. टंचाईच्या काळात तो एका फोनवर मिळे. टंचाई ओसरल्यावर चौथा म्हणतो, मला हवा तो शनिवार मी नेटवर घेईन, अकरा सामने कशाला? मग तिघं मिळून जोडीच सोडून देतात. संघाच्या वहीत एका माणसाचा कंटाळा दोन पूर्ण वर्गण्या पुसून जातो.

हे २०१९ मध्येच सुरू झालं होतं. हाउसफुल्लची साखळी तुटली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये, करोनाच्या काही महिने आधी. म्हणून ‘साथीने सगळं बिघडवलं’ हे अर्धसत्य आहे. साथीने केलं ते असं: आठ-नऊ वर्षांची सवय एका झटक्यात तोडली. २०२०-२१ चा मोसम रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळला गेला. जून २०२१ मध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध लस घेतलेल्या ५०० आरोग्य कर्मचाऱ्यांना आत सोडलं, हीच काय ती गर्दी. दीड-दोन वर्षं माणसं घरी बसली आणि त्यांना कळलं की मंगळवारी घरी बसलं तरी चालतं. गावातल्या कचेऱ्याही घरून चालू लागल्या, म्हणजे कामावरून परस्पर सामन्याला जाणारा माणूस संध्याकाळी सहा वाजता आता गावाच्या दुसऱ्या टोकाला, पायात घरातल्या सपाता घालून बसलेला. तीन वर्षांत वर्गणीदार २७ टक्क्यांनी घटून साडेनऊ हजारांच्या किंचित खाली आले. २०२३ च्या शरदात काही सामन्यांना जाहीर आकडाही अकरा हजारांच्या घरात होता.

आता डॉलर. इथे जरा बसून हिशेब करावा लागेल.

२०११-१२ मध्ये पगारमर्यादा होती ६ कोटी ४३ लाख अमेरिकन डॉलर. डॉलर बरोबरीचा, म्हणजे कॅनेडियनमध्येही जवळजवळ तेवढेच. ही रक्कम ४१ सामन्यांवर आणि तेव्हाच्या १५,००४ खुर्च्यांवर वाटली तर दर खुर्चीमागे दर सामन्याला १०४-१०५ डॉलर. २०२५-२६ ची मर्यादा ९ कोटी ५५ लाख. कॅनेडियन डॉलर ७२ सेंट धरला तर ते होतात सव्वातेरा कोटी कॅनेडियन डॉलर. त्याच इमारतीत, तेवढ्याच ४१ सामन्यांत, दर खुर्चीमागे २१२ डॉलर. चौदा वर्षांत पगाराचं ओझं दुपटीवर गेलं आणि इमारत दोन-अडीचशे खुर्च्यांनी वाढली. प्रत्येक संघ मर्यादेच्या टोकापर्यंत जातोच असं नाही, आणि पगार फक्त तिकिटांतून निघत नाही, हे खरं. पण जिंकायचं असेल तर टोकाच्या जवळ जावंच लागतं, आणि किमान किती खर्च करायचा यालाही लीगची खालची मर्यादा आहे. २०२५-२६ मध्ये ती ७ कोटी ६ लाख आहे. अंथरूण पाहून पाय पसरायची सोयच नाही. पाय किती पसरायचे ते दुसरंच कुणी ठरवतं.

ठरवतं ते असं. सगळ्या लीगच्या हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नाचे मालक आणि खेळाडू यांच्यात निम्मे-निम्मे वाटे होतात, आणि त्यातून मर्यादा निघते. म्हणजे न्यूयॉर्कचा गल्ला वाढला, टोरांटोने तिकीट महाग केलं, की विनिपेगचं पगारपत्रक फुगतं. २०२६-२७ आणि २०२७-२८ साठी जाहीर झालेले आकडे आहेत १० कोटी ४० लाख आणि ११ कोटी ३५ लाख. त्यात डॉलर आणखी घसरला तर? ७५ वरून ७० सेंटवर आला की ८ कोटी ८० लाखांच्या पगारासाठी (ही २०२४-२५ ची मर्यादा) ८४ लाख कॅनेडियन डॉलर जास्त मोजावे लागतात. सगळ्या खुर्च्या, सगळे सामने धरून तिकिटामागे साडेतेरा डॉलर. बर्फावर काहीही न बदलता.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. १९९६ मध्ये संघ गेला तेव्हा कॅनेडियन डॉलर वर्षाच्या सरासरीत ७३ सेंट होता. २०२४ मध्येही ७३ च होता. तोच भाव, तेच गाव, तीच थंडी. तेव्हा संघ बुडाला आणि आता तग धरून आहे, याचं श्रेय पगारमर्यादेला, स्वतःच्या इमारतीला आणि दूरचित्रवाणीच्या पैशाला. कॅनडातल्या राष्ट्रीय प्रक्षेपणाचे हक्क रॉजर्स या कंपनीने २०१४ पासून १२ वर्षांसाठी ५२० कोटी कॅनेडियन डॉलरला घेतले होते; २०२६-२७ पासूनच्या पुढच्या १२ वर्षांसाठी ११०० कोटी. हा पैसा लीगमध्ये वाटला जातो आणि त्यात विनिपेगचं ताट टोरांटोएवढंच. पण स्थानिक प्रक्षेपणात, जिथे आजूबाजूला किती घरं आहेत यावर भाव ठरतो, तिथे मॅनिटोबाच्या विरळ गव्हाळ मैदानांत किती घरं असणार? म्हणून तिकीट. बाकी संघांना तिकीट हे बऱ्याच उत्पन्नांपैकी एक आहे. विनिपेगला तोच भात आहे, बाकीचं तोंडीलावणं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाचे अध्यक्ष मार्क चिपमन यांनी मुलाखतीत उघडच सांगितलं की तेरा हजारांजवळ परत गेल्याशिवाय हे लांबच्या पल्ल्यात चालायचं नाही. त्याच महिन्यात लीगचे आयुक्त गॅरी बेटमन गावात येऊन गेले, संघ हलणार नाही म्हणाले. हलायचं नसेल तर आयुक्त येतो कशाला, असं गावाने ऐकलं. त्याआधी २०२३ च्या वसंतात ‘फॉरेव्हर विनिपेग’ ही वर्गणी वाढवायची मोहीम निघाली होती, तिच्यातही १९९६ ची जखम उघडली होती. हे मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. भीती एकदाच विकता येते. आणि ज्याने २०११ पासून निष्ठेने पैसे भरले तोच ती जाहिरात बघतो; ज्याने कधीच भरले नाहीत त्याला १९९६ आठवत नाही, कारण त्या साली तो एक तर जन्मला नव्हता किंवा मनिलात नाहीतर पंजाबात होता.

मधल्या काळात केलं गेलं ते जास्त शहाणपणाचं, पण त्यालाही पाचर आहेच. पूर्ण मोसमाऐवजी अर्ध्या, पाव मोसमाची पॅकेजेस काढली की गटाची कटकट संपते, एकटा माणूसही दहा सामने घेऊ शकतो. पण चार पाव-वर्गणीदार मिळून एक पूर्ण वर्गणीदार होतो तो कागदावरच. नूतनीकरणाचे फोन एकाऐवजी चौघांना करावे लागतात, चौघांनाही शनिवारच हवा असतो, आणि पाव हिस्सा सोडताना कुणाला वाईट वाटत नाही. तिकीट शेवटच्या घटकेला स्वस्त करून खुर्च्या भराव्यात, तर शेजारच्या खुर्चीवरच्या वर्गणीदाराला कळतं की त्याने आगाऊ पैसे भरून जास्त मोजले. नाटकवाल्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. तिसऱ्या घंटेला अर्ध्या दरात तिकीट मिळतं हे एकदा पसरलं की आगाऊ बुकिंगची खिडकी ओस पडते.

कंपन्यांचा वाटा वाढवणं हा खरा उपाय, आणि सगळ्यात संथ. गावात मोठी मुख्यालयं मोजकी. म्हणून वीस-पंचवीस माणसांच्या कारखानदारांना, शेतीअवजारांच्या विक्रेत्यांना, डॉक्टरांच्या गटांना एकेक जोडी विकायची. ते विक्रीचं काम आहे, त्यात टाळ्या नाहीत.

आणि संघ जिंकला की सगळं बरं होतं ना? काही अंशी. खेळाडूंचा पगार नियमित मोसमातच वाटून संपतो, त्यामुळे बाद फेरीतला घरचा प्रत्येक सामना म्हणजे पगाराविना गल्ला. २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत हरल्यामुळे असे सामने मिळाले तीन. २०२५ मध्ये संघ नियमित मोसमात ५६ विजय आणि ११६ गुणांनी लीगमध्ये पहिला आला, गोलरक्षक कॉनर हेलबायकला सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक मिळाला, आणि घरचे बाद सामने मिळाले सात. त्यातल्या ४ मे २०२५ च्या रात्री सेंट लुईसविरुद्धच्या सातव्या सामन्यात संघ दोन मिनिटं उरलेली असताना दोन गोलांनी मागे होता. शेवटचे दोन सेकंद उरले असताना कोल पर्फेटीने बरोबरी साधली, आणि दुसऱ्या जादा डावात अ‍ॅडम लाउरीच्या काठीला लागून चकती आत गेली. इमारतीतला प्रत्येक जण पांढऱ्या कपड्यांत होता. बाद फेरीत पांढरं घालायची ही रीत १९८७ पासूनची. त्या रात्री एक खुर्ची कुणी शंभर डॉलरला सोडली नसती.

सप्टेंबरात तीच चार घरं पुन्हा टेबलाभोवती बसतात. चिठ्ठ्या निघतात, टोरांटो जातो, मॉन्ट्रियल जातो, एडमंटन जातो. अकराव्या फेरीला नोव्हेंबरातला एक मंगळवार उरतो, समोर कोलंबस.